गाडी, माणूस आणि नंबर : टॅक्सी स्टँडवरच्या माणसाचा इतिहास



या मालिकेत आपण तह, मोहिमा, किल्ले, छावण्या यांच्यावर बरंच बोललो. आजचा माणूस त्या पानांवर कुठंच सापडायचा नाही. तो रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभा असतो, विमानतळाच्या दाराशी असतो, डोंगरातल्या जीप अड्ड्यावर असतो. हातात वही किंवा पावतीपुस्तक, गळ्यात कधी ओळखपत्र, कधी नुसता गमछा. गाडी त्याची नसते, प्रवासीही त्याचा नसतो. तरी कुठल्या गाडीत कोण बसणार, हे तो ठरवतो. मुंबईत त्याला लाईन लावणारा म्हणतील, दुसरीकडे नंबरवाला म्हणतील, बऱ्याच ठिकाणी त्याला नावच नसतं. ‘त्या स्टँडवरच्या माणसाला विचारा’, एवढीच त्याची ओळख.

मी इतिहासाचा पदवीधर, पण पोटापाण्याची सगळी वर्षं फौजेत गेली. त्यातली अडीच वर्षं मूव्हमेंट कंट्रोलच्या कामात, पूर्वेकडच्या एका मोठ्या जंक्शनवर काढली. हे काम बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. जवानांची तुकडी येते, रजेवरचे जवान येतात, कोणाला पुढं डोंगरात जायचं असतं, कोणाला घरी. कोण, कुठं, कशानं आणि कधी, या चार प्रश्नांची उत्तरं जुळवणं म्हणजे मूव्हमेंट कंट्रोल. आमच्याकडे त्यासाठी कार्यालय होतं, फोन होता, रजिस्टर होतं आणि मागं अख्ख्या फौजेचा अधिकार होता. आमच्या दारापासून शंभर पावलांवर, स्टेशनच्या बाहेर, एक माणूस रोज हेच चार प्रश्न सोडवायचा. त्याच्यापाशी होती एक वही, कानावर खोचलेली पेन्सिल आणि खणखणीत आवाज. अधिकार म्हणाल तर कागदावर काहीच नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. रस्त्यावर उभी असलेली गाडी आणि शहरात नवखा आलेला माणूस यांची गाठ घालून देण्याचा अधिकार कोणाचा? आणि तो कोणाच्या बाजूनं वापरला जातो? आज मोबाईलवर बोट ठेवलं की गाडी येते, म्हणून हा प्रश्न संपला असं वाटतं. तो संपलेला नाही. त्याच्यासाठी जरा मागं जाऊ.

एक निवृत्त कप्तान आणि चार गाड्या

भाड्याच्या गाड्यांच्या पहिल्या स्टँडची जी नोंद सांगितली जाते, ती लंडनची, १६३४ सालची. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज चार वर्षांचे होते. लंडनमध्ये भाड्यानं मिळणाऱ्या घोडागाड्या त्याआधीही होत्या, पण त्या सरायांच्या अंगणात उभ्या असत. गाडी हवी तर तिथं जा, मालकाला शोधा, भाव करा.

कॅप्टन बेली नावाचा एक समुद्रावरचा कप्तान होता. वॉल्टर रॅलेच्या मोहिमेत गेलेला. निवृत्तीनंतर त्यानं चार गाड्या घेतल्या, गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला आणि स्ट्रँड या रस्त्यावर मेपोलच्या खांबापाशी त्या उभ्या केल्या. शहराच्या कुठल्या भागात जायला किती भाडं घ्यायचं, हे त्यानं गाडीवानांना आधीच ठरवून दिलं. दिवसभर, कधीही या, गाडी मिळेल. हे बघून दुसरे गाडीवानही तिथंच गाड्या आणून लावू लागले आणि त्याच दरात नेऊ लागले. त्या वर्षीच्या एका पत्रात ही हकिकत आलेली आहे, आणि कधीकधी तिथं वीस वीस गाड्या जमतात असंही त्यात म्हटलं आहे.

फौजी माणसाला यात गंमत वाटते. ठरलेली जागा, ठरलेला वेश, ठरलेला दर, आणि हुकूम देणारा एक. कप्तानानं जहाजावरची शिस्त रस्त्यावर उतरवली. पुढच्या जवळजवळ चारशे वर्षांत टॅक्सीच्या धंद्यात जे काही आलं, त्यातला बराचसा भाग या चार गोष्टींचाच विस्तार आहे.

पुढं लंडनमध्ये स्टँड वाढले आणि स्टँडवर एक स्वतंत्र माणूस आला. त्याला ‘वॉटरमन’ म्हणत, म्हणजे पाणीवाला. घोड्यांना पाणी पाजणं हे त्याचं मूळ काम. पण गाडीवान चहा प्यायला गेला तर घोडा धरणं, गिऱ्हाईक आलं की पुढच्या गाडीला हाक मारणं, दार उघडून देणं, रांग मोडणाऱ्याला मागं हाकलणं, ही सगळी कामं त्याच्याकडेच आली. त्याची कमाई बहुतेक गाडीवाल्यांनी टेकवलेल्या चिल्लरीवर. १८४३ च्या लंडनच्या कायद्यानं गाडीवानांबरोबर या पाणीवाल्यांनाही परवाना आणि बिल्ला लागू केला. म्हणजे स्टँडवरचा माणूस कायद्यानं ओळखला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

बिल्ल्यावरून झालेला संप

आता आपल्याकडे या. गाडीच्या आधी आपल्याकडे पालखी होती. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेब लोक आणि शहरातले धनिक पालखीतून फिरत. पालखी वाहणारे बेहारे बहुतेक ओडिशाकडचे. १८२७ साली कंपनी सरकारनं नियम काढला : बेहाऱ्यांनी पोलिसांकडे नाव नोंदवायचं, बिल्ला घालायचा, आणि सरकारनं ठरवलेल्या दरानंच पालखी वाहायची.

बेहाऱ्यांनी पालख्या खाली ठेवल्या. मैदानात जमले. बिल्ला हा त्यांना अपमान वाटला आणि दर हे नुकसान. हिंदुस्थानातल्या सगळ्यात जुन्या नोंदलेल्या संपांमध्ये याची गणना होते. शहराचे व्यवहार अडले. पण साहेबांनी वाट काढली. वरच्या प्रांतांतून दुसरे बेहारे आले. आणि ब्राऊनलो नावाच्या एका साहेबानं आपल्या पालखीचे दांडे काढून तिला चाकं लावली, पुढं घोडा जुंपला. त्या गाडीला पुढं ‘ब्राऊनबेरी’ म्हणू लागले.

या एका प्रसंगात आपला सगळा विषय सामावलेला आहे. प्रवाशाला ठरलेला दर हवा असतो, आणि ते रास्तच आहे. चालवणाऱ्याला आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगायची असते, तेही रास्तच. सरकारला नोंद हवी असते. आणि भांडण विकोपाला गेलं की कोणीतरी नवं यंत्र आणतं, आणि ज्याच्याशी भांडण होतं त्याची गरजच उरत नाही. १८२७ ची पालखी आणि आजचं मोबाईल ॲप यांच्यात अंतर दोनशे वर्षांचं आहे, पण रीत तीच आहे.

पुढं घोडागाड्या वाढल्या. १८७९ साली भाड्याच्या गाड्यांसाठी हिंदुस्थान सरकारनं ‘हॅकनी कॅरेज ॲक्ट’ केला. नगरपालिकांना नियम करायचे अधिकार मिळाले : परवाने द्यायचे, दर बांधायचे, गाडीत दरपत्रक लावायला सांगायचं, आणि गाड्या कुठं उभ्या राहतील त्या जागा ठरवायच्या. टांगा स्टँड ही जी जागा आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात स्टेशनसमोर होती, तिच्यामागं हे सगळं होतं. मुंबईत व्हिक्टोरिया आली. ती शेवटी शेवटी पर्यटकांची हौस म्हणून उरली आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या घोडागाड्या बंद करायचा निकाल दिला.

मीटर आला, तरी माणूस राहिला

टॅक्सी हा शब्द मुळात गाडीचा नाही, मीटरचा आहे. टॅक्सीमीटर, म्हणजे भाडं मोजणारं यंत्र. जर्मनीत १८९१ च्या सुमारास ब्रून नावाच्या माणसानं ते तयार केलं, १८९७ मध्ये श्टुटगार्टला मीटर लावलेली डाइमलरची मोटार भाड्यानं धावू लागली. मुंबईत मोटार टॅक्सी १९११ च्या आसपास आली.

मीटरनं दराचं भांडण बरंच मिटवलं. पण दोन प्रश्न मीटरला सुटत नाहीत. पहिला : कोणती गाडी? रांगेत पहिली उभी असलेली, की सगळ्यात चकचकीत असलेली, की दादागिरी करून पुढं घुसलेली? दुसरा : कोणता प्रवासी? लांबचं भाडं असलेला, की जवळच जाणारी, हातात दोन पिशव्या असलेली म्हातारी?

या दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या १७८ व्या कलमात भाडं नाकारणाऱ्याला दंड सांगितला आहे. टॅक्सीसाठी तो मुळात जास्तीत जास्त २०० रुपये होता, २०१९ च्या दुरुस्तीनं ५०० झाला. पण रात्री अकरा वाजता स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कलम काय कामाचं? त्याला तिथं, त्या क्षणी, चालकाला ‘घे रे, तुझा नंबर आहे’ असं सांगणारा कोणीतरी लागतो.

आता चालकाची बाजू ऐका, ती न ऐकता त्याला नावं ठेवणं सोपं असतं. माझ्या त्या जंक्शनवर चालक दोन-दोन तास रांगेत उभे असत. दोन तासांनी नंबर लागला आणि प्रवासी म्हणाला, ‘मागच्या गल्लीत जायचंय’, तर त्याचा अर्धा दिवस गेला. परत येऊन पुन्हा रांगेच्या शेपटाला. मग तो नाही म्हणतो. त्या वहीवाल्यानं यावर तोड काढली होती. जवळचं भाडं ज्याच्या वाट्याला येई, त्याला तो चिठ्ठी देई. परत आल्यावर ती दाखवली की गाडी थेट पुढं. लांबचं भाडं मिळालेल्याला चिठ्ठी नाही. कोणी जवळच्या नावाखाली लांब जाऊन आला तर त्याला तो वेळेवरून पकडे. गल्लीत जाऊन यायला किती मिनिटं लागतात, ते त्याला पाठ होतं.

रजेवरून परतणारा एखादा जवान रात्री दोनला काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन उतरला, आणि आमच्या कार्यालयाकडून त्याला सकाळपर्यंत वाहन नसलं, की आमचा हवालदार त्याला सरळ बाहेरच्या वहीवाल्याकडे धाडत असे. तो त्याच्या गावाकडं जाणारे आणखी तिघं गोळा करून एका गाडीत बसवी. भाडं चौघांत वाटलं जाई. मी त्याला एकदा विचारलं होतं की चालक तुझं का ऐकतात? तो म्हणाला की आज मी याला पुढं सोडलं तर उद्या त्याला सोडावं लागेल, म्हणून मी कोणालाच सोडत नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

फौजेत याला आम्ही फार मोठी नावं देतो. पण मुळात गोष्ट एवढीच असते.

दिल्लीचे स्टँड

दिल्लीत एक वेगळीच पद्धत रुजली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी टॅक्सीचा धंदा धरला. वस्तीवस्तीत झाडाखाली एक तंबू किंवा पत्र्याची खोली, दोन चारपाया, चार-सहा काळ्या-पिवळ्या गाड्या आणि एक टेलिफोन. फोनवर बसणारा माणूस हाच तिथला नंबरवाला. त्याला वस्तीतली घरं माहीत. कोणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कोणाची मुलगी पहाटेच्या गाडीनं जाणार आहे, कोणता चालक रात्री पाठवायचा आणि कोणता नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं असे. माझ्यासारखी बदलीवर दिल्लीला आलेली फौजी कुटुंबं या फोनवरच विसंबून असत.

आणि १९८४ च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शिखांवर जे हल्ले झाले, त्यांत दिल्लीतल्या शीख चालकांच्या टॅक्सी आणि त्यांचे स्टँड जाळले गेले. स्टँड उघड्यावर होते, कोणाचे आहेत हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ज्या ओळखीवर त्या स्टँडचा विश्वास उभा होता, तीच ओळख हल्लेखोरांच्या कामाला आली. मी तेव्हा नवा अधिकारी होतो. माझ्या तुकडीत शीख जवान होते, आणि त्यांच्यातल्या काहींचे नातेवाईक दिल्लीत गाड्या चालवत. त्या आठवड्यातली त्यांची तोंडं मला अजून दिसतात. स्टँडचा इतिहास सांगताना हे पान उलटून पुढं जाता येत नाही. अनेक स्टँड नंतर पुन्हा उभे राहिले, त्याच झाडाखाली, त्याच फोनसह. त्याला किती धीर लागला असेल, याचा आपण विचार करावा.

पावतीची ताकद

प्रीपेड टॅक्सीची खिडकी तुम्ही दिल्लीच्या स्टेशनांवर पाहिली असेल, हावड्याला पाहिली असेल, विमानतळांवर तर पाहिलीच असेल. दिल्लीत ती वाहतूक पोलीस चालवतात, हावड्यालाही पोलिसांची खिडकी आहे. प्रवासी खिडकीवर ठिकाण सांगतो, ठरलेलं भाडं भरतो, पावती घेतो, गाडीचा नंबर नोंदला जातो.

यातली खरी युक्ती पैसे आधी भरण्यात नाही, पावती कधी द्यायची यात आहे. पावती गाडीत बसताना चालकाला द्यायची नाही, मुक्कामाला उतरल्यावर द्यायची. चालक ती पावती खिडकीवर आणून आपले पैसे घेतो. म्हणजे प्रवासभर पैसे ना प्रवाशाच्या खिशात, ना चालकाच्या. ते तिसऱ्याच्या हातात. चालकानं मध्येच उतरवलं तर त्याला पावती नाही, म्हणजे पैसे नाहीत. प्रवाशालाही उतरताना हुज्जत घालता येत नाही, कारण भाडं त्यानं आधीच भरलेलं असतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद देणारी एवढी साधी व्यवस्था मी फार कमी पाहिली आहे. मात्र हा नियम प्रवाशाला माहीत असला तरच तिचा उपयोग. म्हणून सांगतो, तुमच्या गावाकडून कोणी पहिल्यांदा दिल्लीला किंवा कोलकात्याला निघालं असेल, तर त्याला एवढं एकच वाक्य सांगून ठेवा : पावती उतरल्यावर द्यायची.

आपल्या मराठी माणसाला यातलाच दुसरा प्रकार जास्त ओळखीचा. दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सी. माणशी ठरलेलं भाडं, गाडी भरली की निघणार, मागची गाडी पुढं सरकणार. किंवा चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सी. सकाळी हजारो माणसं मुकाट्यानं रांगेत उभी राहतात, चार बसले की दार लागतं. ही रांग कोणत्याही यंत्रानं लावलेली नाही. कधी स्टँडवरचा माणूस ती लावतो, कधी माणसं स्वतःच लावतात, कारण आधी कोणीतरी ती सवय घालून दिलेली असते.

नंबरवाला कोणाचा?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा इतिहास नव्हे, आरती होईल.

लेहला जा. तिथं टॅक्सी युनियनचं दरपत्रक आहे, कुठल्या ठिकाणी जायला किती, ते ठरलेलं. भाव करायची गरज नाही, फसवणुकीची भीती कमी. पण बाहेरच्या नोंदणीची टॅक्सी तिथं पर्यटकांना स्थानिक ठिकाणं दाखवू लागली की तिला अडवतात. दार्जिलिंगजवळ मानेभंजांगला जुन्या लँड रोव्हर सांदकफूच्या चढावर जातात, त्याही मालकांच्या संघटनेतर्फे नंबरानं. डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक अड्ड्यावर हेच दिसतं. तिथल्या माणसाला वर्षातले चार-सहा महिनेच धंदा मिळतो, तेव्हा नंबराची पद्धत हा त्याचा जगण्याचा विमा असतो. एक गाडी असलेल्यालाही भाडं मिळतं, पन्नास गाड्या असलेला सगळं गिळत नाही. पण याच पद्धतीत प्रवाशाला निवड राहत नाही आणि नव्या चालकाला शिरकाव मिळत नाही.

गोव्यात हे भांडण सगळ्यांनी पाहिलं. हॉटेलांच्या दारात स्थानिक टॅक्सीवाल्यांचे स्टँड, बाहेरच्या गाडीला मज्जाव. २०१८ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळानं ‘गोवा माइल्स’ हे ॲप आणलं, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी कडाडून विरोध केला. पर्यटक म्हणतो, मला लुटतात. टॅक्सीवाला म्हणतो, पावसाळ्यात माझं घर कोण चालवणार? दोघंही खोटं बोलत नाहीत.

याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. स्टँडवरच्या माणसाला पैसे कोण देतं? लंडनच्या पाणीवाल्यापासून आजपर्यंत बहुतेक ठिकाणी उत्तर एकच : चालक. मग तो चालकांच्या आपसातल्या न्यायाची काळजी घेतो. प्रवाशाशी न्याय हा त्याच्या स्वभावावर अवलंबून. माझा वहीवाला भला होता, म्हणून जवानांचं भलं झालं. प्रत्येक स्टँडवर तसा माणूस असेलच असं नाही. व्यवस्था माणसाच्या भलेपणावर सोडून देता येत नाही, हे फौजेत पहिल्या वर्षात शिकवतात.

आणि आता ॲप

ओला २०१० मध्ये सुरू झाली, उबर २०१३ मध्ये भारतात आली. स्टँड, रांग, वही, हाक मारणारा माणूस, सगळं मोबाईलच्या आत गेलं. सोय झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. घरातल्या मुलीची गाडी नकाशावर सरकताना दिसते, याचं मोल मी जाणतो. पण डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशाच गाडीच्या चालकानं एका तरुणीवर बलात्कार केला, दिल्ली सरकारनं त्या सेवेवर बंदी घातली, आणि देशाला कळलं की चालकाची पडताळणी कोणी, कशी करायची याची घडी नीट बसलेलीच नव्हती. वस्तीच्या स्टँडवर फोनवर बसणाऱ्या माणसाला जे माहीत असायचं, ते यंत्राला माहीत नव्हतं.

दराचं काय झालं? मीटरनं जे भांडण मिटवलं होतं ते परत आलं. पाऊस पडला की भाडं चढतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी वाढीव भाड्याला मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली, २०२५ च्या सूचनांनी गर्दीच्या वेळी ती दुप्पट केली. १८२७ मध्ये बेहाऱ्यांचा दर सरकारनं एका हुकमानं बांधला. आज कंपनीचा दर बांधताना ‘एवढ्यापर्यंत वाढवा’ असं सांगावं लागतं. आणि चालक? त्याला कोणतं भाडं का मिळालं, हे तो कोणालाच विचारू शकत नाही. वहीवाल्याशी निदान भांडता येत होतं.

गंमत अशी की मोठ्या विमानतळांवर ॲपवाल्यांनाही शेवटी रांग लावावी लागली. प्रवाशाला पिन मिळतो, तो रांगेतल्या पुढच्या गाडीत बसतो, पिन सांगतो. आणि त्या रांगेच्या तोंडाशी, टी-शर्ट घातलेला एक मुलगा ‘या सर, ही गाडी’ म्हणत उभा असतो. पाणीवाला परत आला आहे.

एकाच कलमातले दोघे

आता कायद्याची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मोटार वाहन कायद्याचं ११७ वं कलम गाड्या उभ्या राहण्याच्या जागांबद्दल आहे. स्टँड कायद्यात आहे. चालक आहे, कंडक्टर आहे. स्टँडवरचा माणूस कुठं आहे? तो ९३ व्या कलमात आहे. प्रवासी गाड्यांसाठी गिऱ्हाईक गोळा करणाऱ्यानं परवाना घेतला पाहिजे, असं ते कलम म्हणतं. ‘पुणे, पुणे, एक सीट’ असं ओरडणारा माणूस त्याच्या कक्षेत येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं याच ९३ व्या कलमात आणखी एक नाव घातलं गेलं : ॲग्रीगेटर, म्हणजे ओला, उबर यांसारख्या कंपन्या.

म्हणजे कायद्याच्या नजरेत कोट्यवधींची उलाढाल करणारी कंपनी आणि गमछा घातलेला तो माणूस एकाच बाकावर बसलेले आहेत. माझ्या मते कायद्याची ही नजर अगदी बरोबर आहे. दोघांचं काम एकच : गाडी आणि माणूस यांची गाठ घालणं. पण एकाच्या मागण्या ऐकायला मंत्रालयं बसतात, त्याच्यासाठी मार्गदर्शक सूचना निघतात, पाच वर्षांत बदलतात. दुसऱ्याकडे परवाना आहे का, त्याला पगार कोण देतं, रात्रपाळीत त्याच्या डोक्यावर छप्पर आहे का, हे तुम्ही तुमच्या गावच्या स्टँडवर जाऊन विचारा. इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावला, हैदराबादला असा, पाच मिनिटं थांबा आणि विचारा.

लंडननं १८४३ मध्ये पाणीवाल्याला बिल्ला दिला. आपल्याला यापेक्षा फार वेगळं करायचं नाही. मोठ्या स्टेशनांवर आणि बस अड्ड्यांवर नंबर लावणाऱ्या माणसाची नोंद व्हावी, त्याचं नाव त्याच्या छातीवर असावं, आणि त्याचा पगार चालकांच्या चिल्लरीतून न येता स्टँडच्या जागेचं भाडं जो घेतो त्याच्याकडून यावा. पगार कोण देतं हे बदललं की तो कोणाचं ऐकतो हेही बदलतं. जवळच्या भाड्याला चिठ्ठी देण्याची त्या वहीवाल्याची युक्ती लेखी नियम म्हणून लावायलाही एक फळा पुरेल.

कारण मोबाईल नसलेला, मोबाईलची बॅटरी संपलेली, भाषा न कळणारी, रात्री दोनला उतरलेली माणसं उद्याही असणार आहेत. दवाखान्यासाठी शहरात आलेली म्हातारी असणार आहे, पहिल्या पगारावर घरी निघालेला जवान असणार आहे. त्यांना नकाशावर सरकणारी गाडी दिसत नाही. त्यांना समोर उभा असलेला माणूस दिसतो, आणि तो खरं बोलतो की नाही एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

पुढच्या भागात आपण रेल्वेच्या हमालांच्या लाल सदऱ्याबद्दल आणि पितळी बिल्ल्याबद्दल बोलू. तोपर्यंत, जय हिंद.